जोनाथन पोस्टेल : क्रमांकांचा कारभारी

सेनापति, राजे, कवि व संशोधक ह्यांचीं चरित्रें आपण नेहमीं वाचतों. परंतु ज्याच्या नांवावर एकही लढाई नाहीं व एकही सिंहासन नाहीं, ज्यानें आयुष्याचीं उत्तम वर्षें याद्या ठेवण्यांत, कागद तपासण्यांत व क्रमांक नेमून देण्यांत घालविलीं, अशा मनुष्याचें चरित्र वाचावयास कोण उत्सुक असणार? तरीसुद्धां ह्या वर्षीं आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें असेंच एक चरित्र ठेवण्याचें मीं योजिलें आहे. तें जोनाथन ब्रूस पोस्टेल ह्या अमेरिकन गृहस्थांचें होय. जगांतील संगणक ज्या क्रमांकांच्या आधारें एकमेकांस ओळखतात, त्यांपैकीं कोणता क्रमांक कोणास द्यावयाचा हें पंचवीसांहून अधिक वर्षें ह्या एका मनुष्याच्या यादीवरून ठरत असे.

पोस्टेल ह्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजीं कॅलिफोर्निया संस्थानांतील आल्टाडीना ह्या गांवीं झाला. त्यांचें शालेय शिक्षण लॉस एंजेलिस शहराच्या व्हॅन नाइज भागांतील हायस्कुलांत झालें. पुढें इंटरनेटच्या इतिहासांत ज्यांचीं नांवें गाजलीं ते व्हिंट सर्फ व स्टीव्ह क्रॉकर हे दोघेही त्याच शाळेचे विद्यार्थी. एका सामान्य सरकारी शाळेंतून एकाच काळीं असे तीन विद्यार्थी बाहेर पडावे हा योग विरळा. मात्र पोस्टेल हे शाळेंत असतां हुशार म्हणून मुळींच प्रसिद्ध नव्हते. त्यांचे गुण बेताचेच असत. शाळा सुटल्यावर ते जवळच्या एका साध्या कॉलेजांत गेले. तेथें त्यांची संगणकाशीं प्रथम गांठ पडली आणि त्यांच्या अभ्यासाचा रंगच पालटला. तेथून ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत गेले. १९६६ सालीं पदवी, १९६८ सालीं त्यावरील पदवी व १९७४ सालीं संगणकशास्त्रांतील डॉक्टरेट, अशा तिन्ही पायऱ्या ते तेथेंच चढले. ज्या पालकांच्या हातीं ह्या वर्षीं मुलाचें बेताचें प्रगतिपुस्तक आलें असेल, त्यांनीं एवढा मजकूर पुन्हां एकदां वाचण्यास हरकत नाहीं.

त्या काळीं अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशानें दूरदूरचे संगणक तारेनें जोडण्याचा एक प्रयोग चालला होता. त्या जाळ्यास आर्पानेट असें म्हणत. त्याचें पहिलें ठाणें ह्याच विद्यापीठांत, प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक ह्यांच्या प्रयोगशाळेंत, सप्टेंबर १९६९ मध्यें उभें राहिलें, आणि २९ ऑक्टोबर रोजीं तेथून स्टॅनफर्ड येथील संशोधन संस्थेच्या संगणकाकडे पहिला संदेश गेला. पोस्टेल त्या वेळीं तेथें विद्यार्थी म्हणून काम करीत होते. यंत्रें जोडलीं गेलीं खरीं, पण त्यांनीं एकमेकांशीं कोणत्या रीतीनें बोलावें हें कोणीच ठरविलेलें नव्हतें. तें ठरविण्याचें काम वडील मंडळींनीं विद्यार्थ्यांवरच सोंपविलें. आपलीं मतें अधिकारवाणीनें मांडण्याचा त्या तरुणांस संकोच वाटे. म्हणून क्रॉकर ह्यांनीं ७ एप्रिल १९६९ रोजीं पहिलें पत्रक लिहिलें, तेव्हां त्या मालिकेस अभिप्राय मागणारीं पत्रकें अशा अर्थाचें अत्यंत विनयशील नांव दिलें. आरएफसी ह्या तीन अक्षरांनीं ओळखली जाणारी हीच ती मालिका. तिचें संपादन लौकरच पोस्टेल ह्यांच्याकडे आलें व मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलें. त्यांच्या मृत्यूच्या वेळीं मालिकेचा क्रमांक २,४०० च्या पुढें गेला होता. आलेलें प्रत्येक पत्रक ते वाचीत, भाषा नीट करवून घेत, आणि त्यांतील एखादा शब्द दोन अर्थांचा असेल तर तो लेखकाकडे परत पाठवीत.

क्रमांक सांभाळण्याचें कामही असेंच आपोआप त्यांच्याकडे आलें. एका संगणकावर अनेक कामें एकाच वेळीं चालतात. तेव्हां आलेला संदेश कोणत्या कामाचा हें समजावें म्हणून प्रत्येक कामास एक ठराविक क्रमांक हवा. टपालाचा वाडा एक, पण मनिऑर्डरची खिडकी निराळी व तिकिटांची निराळी, असा हा प्रकार आहे. ह्या खिडक्यांचे क्रमांक कोणी तरी एकानें ठरविले पाहिजेत. नाहीं तर दोघांनीं एकच क्रमांक घेतला कीं गोंधळ उडावयाचा. मे १९७२ मधील एका पत्रकांत पोस्टेल ह्यांनीं सुचविलें कीं, ह्या कामासाठीं एक सर्वाधिकारी नेमावा. आणि तो आपण स्वतः असावा कीं काय, असा प्रश्न त्यांनीं कंसांतल्या कंसांत विचारून ठेविला. कोणीं हरकत घेतली नाहीं. निवडणूक झाली नाहीं, सनद मिळाली नाहीं, कीं शिक्कामोर्तब झालें नाहीं. ई-मेल पोंचविणाऱ्या कामास २५, नांवावरून पत्ता शोधून देणाऱ्या कामास ५३, संकेतस्थळांस ८० असे जे क्रमांक आज जगभर चालतात, ते ह्याच यादींतील होत. प्रारंभीं ही यादी वहीच्या कागदावर मावत असे. पुढें तिचें पुस्तक झालें.

डॉक्टरेट मिळाल्यावर कांहीं वर्षें निरनिराळ्या संस्थांत काढून मार्च १९७७ मध्यें पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेंत दाखल झाले. ही संस्था मरीना डेल रे येथें समुद्रकांठीं आहे. येथेंच त्यांनीं उरलेलें सर्व आयुष्य घालविलें. जॉयस रेनल्ड्स ह्या विदुषी त्यांच्या सहकारी होत्या, व क्रमांकांच्या याद्यांवर कित्येक वर्षें ह्या दोघांचींच नांवें दिसतात. लांब दाढी, पाठीवर सोडलेले केस व पायांत साधे सँडल, असा त्यांचा नेहमींचा वेष असे. सुटी मिळाली कीं पाठीवर पिशवी टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पायीं हिंडावयाचें हाच त्यांचा शोक होता.

केवळ यादी लिहिणारा मनुष्य म्हणून त्यांच्याकडे पाहणें मात्र चुकीचें होईल. ऑगस्ट १९७७ मध्यें त्यांनीं एक छोटेखानी टिपण लिहिलें. त्या वेळीं संदेश वाटेनें नेणें व तो पुरा पोंचला कीं नाहीं ह्याची खात्री करणें, हीं दोन्ही कामें एकाच नियमावलींत कोंबलेलीं होतीं. वाटेंतल्या यंत्रांनीं केवळ वाट दाखवावी, व खात्री करून घेण्याचें काम दोन टोंकांच्या यंत्रांनीं करावें, हें पोस्टेल ह्यांनीं त्या टिपणांत स्पष्ट दाखवून दिलें. दुसऱ्याच वर्षीं नियमावलीचे दोन भाग करण्यांत आले. तेच आजचे आयपी व टीसीपी होत, आणि सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं मूळ पत्रकें पोस्टेल ह्यांच्याच संपादनाचीं आहेत. ई-मेल पाठविण्याचे १९८२ चे नियम तर त्यांनीं स्वतःच लिहिले. स्वतः संदेश पाठवितांना नियम काटेकोर पाळावे, दुसऱ्याचा संदेश घेतांना मात्र लहानसहान दोषांकडे काणाडोळा करावा, हें त्यांनीं घालून दिलेलें धोरण संगणकशास्त्रांत त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. हल्लींचे कांहीं जाणकार ह्या उदारपणावर टीका करितात. दोष खपवून घेतले कीं ते वाढतात असें त्यांचें म्हणणें आहे, व त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु जेव्हां एका संगणकाची रचना दुसऱ्याशीं जुळत नसे, त्या काळीं असें धोरण नसतें तर जाळें उभेंच राहिलें नसतें.

१ जानेवारी १९८३ रोजीं सर्व आर्पानेट ह्या नव्या नियमांवर आणण्यांत आलें. त्याची योजनाही पोस्टेल ह्यांनींच आंखली होती. ह्या नियमांत प्रत्येक यंत्रास बत्तीस द्व्यंकांचा एक पत्ता असतो. तो आपण ० ते २५५ मधील चार संख्यांनीं लिहितों. असे एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. पोस्टेल व त्यांचे सहकारी ते गटागटानें वांटीत. मोठ्या संस्थेस १,६७,७७,२१६ पत्त्यांचा गट, मध्यमास ६५,५३६ चा, लहानास २५६ चा. कॅलिफोर्नियांत कचेरींत बसून कोणी तरी जमिनीचे सात-बारा लिहून द्यावे आणि त्या जमिनीची पुढें सोन्याची किंमत व्हावी, तसें हें झालें. ज्यांनीं आरंभीं मागितलें त्यांना सढळ हातानें मिळालें. मागाहून आलेल्या देशांस हात आखडून घ्यावे लागले. ह्यांत पोस्टेल ह्यांनीं स्वतःसाठीं कांहीं मिळविलें नाहीं. पण सुरुवातीची वांटणी फार सैल होती, हें आज मागें वळून पाहतां कबूल करावेंच लागतें. आर्पानेटचा स्वतःचा गट १० ह्या संख्येनें सुरू होत असे. १९९० सालीं तें जाळें बंद झाल्यावर १९९४ सालीं तो गट घरगुती वापरासाठीं सर्वांस मोकळा करण्यांत आला. म्हणून पुष्कळ शाळांतील व कचेऱ्यांतील संगणकांचा पत्ता दहानें सुरू झालेला आढळतो.

आतां हे पत्ते यंत्रापर्यंत पोंचतात कसे, तें थोडक्यांत सांगतों, कारण विद्यार्थ्यांस तें स्वतः करून पाहतां येण्यासारखें आहे. प्रारंभीं प्रत्येक यंत्राचा पत्ता मनुष्यास हातानें भरावा लागे. यंत्रें शेंकड्यांनीं झालीं तेव्हां तें अशक्य झालें. १९८४ व १९८५ सालीं ह्यावर दोन उपाय निघाले, आणि ऑक्टोबर १९९३ मध्यें राल्फ ड्रॉम्स ह्यांनीं लिहिलेल्या पत्रकानें डीएचसीपी ही पद्धति आली. ह्यांतील एकही पोस्टेल ह्यांनीं रचलेली नव्हे; परंतु तिन्ही पत्रकें त्यांच्या हाताखालून गेलीं, व त्यांस लागणारे क्रमांक त्यांच्या यादींत बसले. नुकत्याच जागृत झालेल्या यंत्रास स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो. तें ०.०.०.० असें शून्यांचें नांव घेऊन, २५५.२५५.२५५.२५५ ह्या सर्वांस उद्देशून असलेल्या पत्त्यावर हांक मारतें. पत्ते देणारें यंत्र ६७ क्रमांकाच्या खिडकींत ती हांक ऐकतें व एक पत्ता देऊं करितें. मागणारें यंत्र ६८ क्रमांकाच्या खिडकींत तें उत्तर घेतें, तोच पत्ता रीतसर मागतें, आणि शेवटीं देणाऱ्याची कबुली येते. हा पत्ता कायमचा नसतो. तो भाडेपट्ट्यानें दिलेला असतो. निम्मी मुदत सरली कीं मागणारें यंत्र मूळ मालकाकडे मुदत वाढवून मागतें. तो गप्प राहिला तर मुदतीचे आठांपैकीं सात भाग सरतांच, जो कोणी ऐकेल त्याच्याकडे मागतें.

मागणाऱ्याचें हें काम करणारी एक आज्ञावली डीएचक्लायंट ह्या नांवानें फार वर्षें प्रचारांत आहे. तिच्या कर्त्या संस्थेनें २०२२ सालीं तिची देखभाल थांबविली, तरी जुन्या यंत्रांवर ती अजून भेटते. काळ्या पडद्यावर तिचें नुसतें नांव लिहिलें कीं ती पत्ता मिळविते व पडद्याआड जाऊन मुदतीवर लक्ष ठेविते. नांवापुढें आडवी रेघ काढून एखादें अक्षर लिहिलें कीं तिचें वागणें बदलतें. व्ही लिहिल्यास ती प्रत्येक पाऊल बोलून दाखविते. शिकणारानें हेंच आधीं करावें, म्हणजे वर सांगितलेली चार संदेशांची देवघेव डोळ्यांनीं दिसेल. क्यू लिहिल्यास ती मुकाट्यानें काम करिते. १ हा अंक लिहिल्यास ती एकदांच प्रयत्न करिते, व पत्ता न मिळाल्यास हट्ट न धरितां निघून जाते. ४ व ६ ह्या अंकांनीं जुन्या पद्धतीचा पत्ता हवा कीं नव्या, तें सांगतां येतें. एलएफ ह्या जोडाक्षरानें भाडेपट्ट्यांची वही कोठें आहे तें कळवितां येतें, व पी लिहून ६८ ऐवजीं दुसरी खिडकी सांगतां येते, पण समोरच्या यंत्रासही ती ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग नाहीं. सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखीं अक्षरें दोन, आर व एक्स. दोहोंनींही चालू काम थांबतें. परंतु आर लिहिल्यास निघण्यापूर्वीं ती घेतलेला पत्ता मालकास परत देते. एक्स लिहिल्यास कांहीं न कळवितां थांबते, व पत्ता मुदत संपेपर्यंत तिच्याच नांवावर अडकून राहतो. एक भाडेकरू किल्ली घरमालकाच्या हातांत देऊन जातो, दुसरा कुलूप लावून गांवास जातो. पत्ते थोडे व यंत्रें पुष्कळ असतील तेथें हा भेद महत्त्वाचा ठरतो. भाडेपट्ट्याबरोबर जी जादा माहिती येते तिलाही क्रमांक आहेत. बाहेर जाण्याचें दार कोणतें तें ३ ह्या क्रमांकाखालीं येतें, नांवें सोडवून देणारीं यंत्रें ६ खालीं, भाड्याची मुदत ५१ खालीं. ही यादी ठेवणारी कचेरी तीच, जी पोस्टेल ह्यांनीं चालविली.

ह्या कचेरीस १९८८ च्या सुमारास आयाना असें नांव पडलें. नांव भारदस्त, पण कचेरी म्हणजे पोस्टेल, रेनल्ड्सबाई व दोन-चार मदतनीस. पत्त्यांचे आंकडे माणसांच्या लक्षांत राहात नाहींत, म्हणून आंकड्यांस नांवें देण्याची पद्धति पॉल मॉकापेट्रिस ह्यांनीं १९८३ सालीं रचली. तें काम पोस्टेल ह्यांनींच त्यांच्यावर सोंपविलें होतें. मग प्रश्न आला देशांचा. जगांत देश किती व कोणते, ह्यावर युद्धें होतात. पोस्टेल ह्यांनीं त्या वादांत पडण्याचें साफ नाकारिलें. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या यादींत जीं दोन अक्षरें ज्या प्रदेशास दिलेलीं असतील तींच त्यानें वापरावीं, देश कोणास म्हणावें हें ठरविणें आपला व्यवसाय नव्हे, हें धोरण त्यांनीं १९९४ च्या पत्रकांत नमूद करून ठेविलें. ह्या एका निर्णयानें केवढीं भांडणें टळलीं ह्याची कल्पना करावी! आपल्या देशाचीं आय व एन हीं अक्षरें मे १९८९ मध्यें नोंदलीं गेलीं, व त्यांचा कारभार पुष्कळ वर्षें मुंबईंत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रानें पाहिला. असा कारभार ज्याच्याकडे सोंपवावयाचा त्यानें आपणांस मालक न समजतां, त्या देशाचा व जगाचा विश्वस्त समजावें, अशी त्यांची अट असे.

परंतु विश्वासावर चालणाऱ्या कारभाराचे दिवस भरत आले होते. १९९० नंतर इंटरनेटवर व्यापार आला, नांवें विकलीं जाऊं लागलीं, आणि अमेरिकन सरकारच्या ठेक्यानें एका खाजगी कंपनीस त्या विक्रीचा मक्ता मिळाला. सर्व नांवांचें मूळ पुस्तक तिच्या यंत्रांत असे, व बाकीचीं बारा मूळ यंत्रें त्याची नक्कल घेत. हें सर्व कोणाच्या मालकीचें? सरकार म्हणे, आपल्या पैशानें उभें राहिलें. इंटरनेट घडविणारे म्हणत, तें सर्व जगाचें. २८ जानेवारी १९९८ रोजीं पोस्टेल ह्यांनीं ह्या बारांपैकीं आठ यंत्रांच्या चालकांस पत्र लिहून, यापुढें नक्कल त्या कंपनीकडून न घेतां आपल्या संस्थेंतील यंत्राकडून घ्यावी असें सांगितलें. आठही जणांनीं तें तत्काळ ऐकलें. कायद्याचा कसलाही अधिकार नसतां एका दाढीवाल्या प्राध्यापकाच्या एका पत्रानें जगाच्या नांवांचें निम्म्याहून अधिक पुस्तक एका जागेवरून दुसऱ्या जागीं गेलें! वापरणारांस कांहींच जाणवलें नाहीं, कारण दोन्ही पुस्तकांतील मजकूर एकच होता. वॉशिंग्टनमध्यें मात्र खळबळ उडाली. अध्यक्ष क्लिंटन ह्यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर ह्यांनीं सर्व पूर्ववत् करण्यास बजाविलें. पोस्टेल ह्यांनीं ही केवळ चांचणी होती असें सांगितलें, व थोड्याच दिवसांत सर्व पूर्ववत् झालें.

तो खरोखर प्रयोग होता, कीं सरकारास दिलेला इशारा, ह्यावर आजही मतभेद आहेत. माझ्या मतें ज्या मनुष्यानें पंचवीस वर्षें एकही क्रमांक चुकून दोघांस जाऊं नये म्हणून डोळ्यांत तेल घातलें, त्यानें असें पाऊल सहज उचललें नसावें. आपण सांभाळलेली वस्तु कोणा एकाच्या तिजोरींत जाऊं नये, ही तळमळ त्यांत असावी. तरीपण सर्व जगाची सोय एका सज्जनाच्या मर्जीवर अवलंबून असणें किती धोक्याचें आहे, हेंही त्याच दिवशीं सर्वांस दिसलें. तो सज्जन होता म्हणून निभावलें.

पुढील महिने त्यांनीं आपला कारभार एका रीतसर संस्थेच्या स्वाधीन करण्याच्या खटपटींत घालविले. वाटाघाटी, मसुदे, प्रवास व टीका ह्यांस अंत नव्हता. ३० सप्टेंबर १९९८ रोजीं आयकॅन ही संस्था कॅलिफोर्नियांत नोंदविली गेली. ७ ऑक्टोबर रोजीं तिच्याविषयीं त्यांनीं अमेरिकन विधिमंडळाच्या समितीपुढें निवेदन केलें. त्यानंतर हृदयावर शस्त्रक्रिया झाली, आणि तिच्यांतून बरे होत असतां १६ ऑक्टोबर १९९८ रोजीं लॉस एंजेलिस येथें त्यांचें निधन झालें. त्यांचें वय अवघें पंचावन्न वर्षांचें होतें.

त्यांचे जुने मित्र व्हिंट सर्फ ह्यांनीं लिहिलेला मृत्युलेख त्याच आरएफसी मालिकेंत २,४६८ वें पत्रक म्हणून प्रसिद्ध झाला. इंटरनेट सोसायटीनें १९९९ सालीं पोस्टेल ह्यांच्या नांवें सेवेबद्दलचें पारितोषिक सुरू केलें, व पहिलें त्यांनाच मरणोत्तर दिलें. जुन्या पत्त्यांचे शेवटचे पांच मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजीं वांटून संपले. आयानावरील अमेरिकन सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ पासून उठली. आरएफसीचें संपादन जॉयस रेनल्ड्स व बॉब ब्रेडन ह्यांनीं पुढें कित्येक वर्षें चालविलें. रेनल्ड्सबाई २०१५ च्या डिसेंबरांत वारल्या. मालिका अजून चालू आहे, व तिचे क्रमांक ९,००० च्या पलीकडे गेले आहेत.